खडकाचे नाव, एका शब्दात

रबाळ्याच्या प्रयोगशाळेत नमुना आला तेव्हा
पिशवीवर मार्करने लिहिलं होतं: काळा दगड, तुर्भे.
काळा नव्हताच तो.
ओल्या राखेचा रंग, थोडा जांभळट,
उन्हात धरला तर आत बारीक पांढऱ्या काड्या,
शिजायच्या राहिलेल्या तांदळासारख्या.

चकती कापली, काचेवर चिकटवली
आणि घासत बसले.
कार्बोरंडमची पूड, पाणी,
मराठी चाराचा आकडा गिरवणारं मनगट.
केसाहून पातळ झाला की दगड
दगडपणा सोडतो, उजेडाला वाट देतो.
तीस मायक्रॉन. त्यापुढे एक घासा जास्त
की हातात नुसती काचपट्टी.

सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवला:
प्लॅजिओक्लेज, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेला,
एक पट्टी विझते तेव्हा शेजारची पेटते.
गाभ्यात कॅल्शियम, कडेकडेला सोडियम वाढत गेलेलं;
निवता निवता मत बदलत गेलेला स्फटिक.
हॉर्नब्लेंड दोनच, काजळलेल्या कडांचे,
वर येताना अंगातलं पाणी उडालेले.
ऑलिव्हिन शोधलं. नाही.
क्वार्ट्झ चार दाणे, त्यातला एक संशयित.

पाचशे ठिपके मोजले, मग तक्ता उघडला,
पतंगासारखा तो,
वरच्या टोकाला क्वार्ट्झ, दोन बाजूंना दोन फेल्डस्पार.
माझा ठिपका पडला तिथे
बेसॉल्ट आणि अँडेसाइट एकाच खोलीत राहतात,
मध्ये पडदासुद्धा नाही.
सिलिका बावन्न टक्क्यांच्या खाली तर हा, वर तर तो,
त्रेसष्टपर्यंत.
आणि सिलिकेची टक्केवारी डोळ्यांना दिसत नाही.

पूड पवईला पाठवली. अकरा दिवस लागले.
सत्तावन्न पूर्णांक दोन.

भानुशालींचा फोन आला.
मॅडम, टेंडरमध्ये बेसॉल्ट आहे.
आणि हे मध्यम काय लिहिलंय? माल मध्यम आहे?
एक नंबर लिहा ना.
मी म्हटलं, हा दर्जा नव्हे, वर्ग आहे.
म्हणजे तळ्यात की मळ्यात?
बांधावर, मी म्हटलं.
पलीकडे बराच वेळ डंपरचा आवाज येत राहिला.

शनिवारी खाणीत गेले.
बंद आहे ती, तळाशी हिरवं पाणी, काठावर म्हशी.
भीमशा धोत्रे आता तिथे राखणीला;
तीस वर्षं घण मारला, डावा कान त्यातच गेला.
त्याने दाखवलं: काळ्या कड्यातून तिरकी चढत गेलेली
करडी पट्टी, दोन पुरुष रुंद.
काळ्यावर हातोडी टाकली: ठण्ण.
करड्यावर: थप्.

घरजावई, म्हणाला.
काळ्यांचं घर आधीचं. ह्यो मागनं आला,
खालनं, भेगेतनं शिरला आन् ऱ्हायला.
शेजाऱ्याला चटका दिला बघा, हितं, कडंला.
फोडायला गेलं तर सरळ फुटत न्हाई,
आधी इचारावं लागतं.

सत्तावन्न निघाला, मी सांगितलं.
वय? माझं बासष्ट, म्हणाला,
आणि हातोडी पायजम्याला पुसली.

सोमवारी अहवाल टंकला नाही, हाताने भरला.
काच: नऊ टक्के. हे ठळक.
सिमेंटशी तिचं पटत नाही,
बोलत नाही ती वर्षानुवर्षं, मग फुगते,
आणि पुलाच्या खांबाला जाळीदार भेगा पडतात.
भानुशालींना आवडणार नाही.

नावाचा रकाना बोटभर.
अँडेसाइट मावलं.
त्यापुढे बारीक अक्षरात घरजावई लिहिलं,
आणि लगेच खोडलं.
कार्बनखालच्या प्रतीवर
अजून वाचता येतं.